आधी खाली उतर, मग बघतो!

वार्षिकांकाच्या मराठी विभागासाठी लेख मागवले की विषय ठरलेले असतात. मैत्री, पहिला पाऊस, मेसचं जेवण, ‘होस्टेलने मला काय दिलं’ वगैरे वगैरे. यातल्या कशालाही मी हात लावणार नाहीये. माझा विषय आहे उडणारे राक्षस! म्हणजे गेममधले. तलवार घेतलेला आपला हीरो एका मोठ्या पटांगणात शिरतो, मागे दार बंद होतं, संगीत बदलतं, स्क्रीनवर लांबलचक हेल्थ बार येतो आणि समोर पंख पसरून जो उभा... उभा कसला, तरंगत असतो, तो बॉस.

संपादक मंडळाने “हा काय विषय झाला?” असं विचारायच्या आतच उत्तर देऊन टाकतो. आमच्या विंगमध्ये रात्री दोन वाजता राजकारण, क्रिकेट आणि प्लेसमेंट या तिन्हींपेक्षा जास्त तावातावाने वाद होतो तो यावर, की अमुक बॉस ‘अवघड’ आहे की ‘फालतू’. वरवर पाहता हा रिकामटेकड्यांचा उद्योग आहे हे मान्य. पण त्याच्या पोटात एक चांगला प्रश्न आहे. अवघड असणं आणि अन्याय करणं यात फरक काय? आणि तो ठरवायचा कसा?

या वादात दोन पार्ट्या असतात. पहिली पार्टी म्हणते, “तुला जमत नाही म्हणून बॉस वाईट? प्रॅक्टिस कर, नाहीतर सोड.” दुसरी पार्टी म्हणते, “तो उडतो, माझ्या हातात तलवार. ही सरळ सरळ चीटिंग आहे.” मला या दोन्ही पार्ट्यांचं सदस्यत्व नको आहे. माझं मत असं, की उडणारा राक्षस ही खेळणाऱ्याच्या आधी गेम बनवणाऱ्याची परीक्षा असते. जमिनीवरचा बॉस जरा ढिसाळ बनवला तरी खपून जातो. उडणारा ढिसाळ बनवला की पाच मिनिटांत उघडा पडतो.

का, ते बघा. तलवारीची पोच समजा दीड-दोन मीटर. हीरो जमिनीवर, म्हणजे त्याचं सगळं जग दोन मितींत. डावीकडे-उजवीकडे, पुढे-मागे. राक्षसाकडे तिसरी मिती आहे. तो दहा मीटर वर गेला की आपल्या हातातल्या कंट्रोलरवरची अर्धी बटणं मेली. वार करायचं बटण दाबून उपयोग नाही, ढालीचा फारसा उपयोग नाही, उरलं फक्त पळणं. आणि मुख्य म्हणजे लढाई कधी व्हायची हे आता तो ठरवणार. आपण फक्त वाट बघायची. समजा पाच मिनिटांच्या लढाईत तो तीन मिनिटं वर घिरट्या घालत बसला, तर ती तीन मिनिटं लढाई नसतेच. ती बस स्टॉपवर उभं राहणं असतं, तेही वरून कोणीतरी विस्तव टाकत असताना!

म्हणजे पंख ही नुसती शोभा नाही, तो अधिकार आहे. आणि एका बाजूला असा अधिकार दिला की दुसऱ्या बाजूला त्याचं काहीतरी उत्तर द्यावं लागतं. हे उत्तर दिलंय की नाही, एवढं तपासलं की अवघड आणि अन्यायी यातला फरक बऱ्यापैकी कळतो. उदाहरणं घेऊ, म्हणजे हवेत बोलल्यासारखं होणार नाही.

सगळ्यात जुनं उदाहरण जपानच्या कॅपकॉम कंपनीच्या १९८५ सालच्या ‘घोस्ट्स अँड गॉब्लिन्स’चं. आपल्याकडे टीव्हीला जोडायच्या आणि कॅसेट फुंकून लावायच्या व्हिडिओ गेमवर ज्यांचं बालपण गेलं, त्या काका-मामांच्या पिढीला विचारा. आर्थर नावाचा चिलखतवाला सरदार, त्याच्या राजकन्येला एक उडता राक्षस उचलून नेतो, आणि हा स्मशानातून तिच्या मागे निघतो. एक फटका बसला की चिलखत गळून पडतं आणि सरदारसाहेब चड्डीवर पळायला लागतात. दुसरा बसला की हाडांचा ढीग!

या गेममध्ये पहिल्याच पातळीवर ‘रेड अरिमर’ नावाचा एक लाल, पंखवाला राक्षस भेटतो. हुद्द्याने तो बॉस नाही. तरीही खेळणाऱ्यांच्या आठवणीत तो पातळीच्या शेवटच्या धिप्पाड बॉसपेक्षा जास्त पक्का बसलेला असतो. तो निवांत जमिनीवर बसलेला असतो. आपण जवळ गेलो की उठतो, वर जातो, वर हेलकावत राहतो आणि एकदम झडप घालतो. आता आर्थरकडे काय आहे? भाला, आणि तोही फक्त आडवा फेकता येणारा. वर फेकायची सोय नाही. उडी मारली तर हवेत दिशा बदलता येत नाही, जिथून मारली त्याच कमानीत खाली यायचं. म्हणजे कागदावर हा अन्यायच वाटतो.

पण नीट बघितलं तर उत्तर दिलेलं आहे. रेड अरिमर वरून काही फेकत बसून आपल्याला संपवत नाही. आपल्याला मारायचं तर त्याला आपल्याच उंचीवर यावं लागतं. ज्या क्षणी तो आपल्याला मारू शकतो, त्याच क्षणी आपण त्याला मारू शकतो. क्षण फार छोटा आहे, हात थरथरतात, चड्डीवर पळावं लागतं, सगळं खरं. पण सौदा दोन्ही बाजूंना सारखा आहे. म्हणून तो अवघड आहे, अन्यायी नाही.

त्या मालिकेत पुढे काय झालं तेही बघण्यासारखं आहे. १९८८ च्या ‘घूल्स अँड घोस्ट्स’मध्ये आर्थरला सरळ वर शस्त्र फेकता यायला लागलं. १९९१ च्या ‘सुपर घूल्स अँड घोस्ट्स’मध्ये ते काढून घेतलं, पण हवेतल्या हवेत दुसरी उडी मारायची सोय दिली. एक काढलं तर दुसरं दिलं. बनवणाऱ्यांनी हिशोबाची वही उघडी ठेवली होती, असं म्हणायला हरकत नाही.

गंमत पुढेच आहे. १९९० साली गेम बॉयवर ‘गार्गॉइल्स क्वेस्ट’ आला. त्यात आपण खेळतो ते फायरब्रँड म्हणून, आणि हा फायरब्रँड म्हणजे तोच आपला रेड अरिमर! खलनायकाला बढती मिळून तो हीरो झाला. पण हीरो होताच त्याच्या पंखांना काय झालं? तरंगण्यावर मर्यादा आली. स्क्रीनवर एक पट्टी, ती संपली की खाली, जमिनीला पाय लागले की पुन्हा भरणार. म्हणजे राक्षस उडतो तेव्हा मनसोक्त, आपण उडतो तेव्हा मीटर लावून! हसू येतं, पण यातून एक गोष्ट स्पष्ट होते. अमर्याद उडणं ही किती मोठी ताकद आहे हे बनवणाऱ्यांना पक्कं ठाऊक असतं. “आमच्या लक्षात आलं नाही” अशी सबब त्यांना देता येणार नाही.

दुसरं उदाहरण २००१ च्या ‘डेव्हिल मे क्राय’मधल्या ग्रिफनचं. हिदेकी कामिया यांनी दिग्दर्शित केलेला हा प्लेस्टेशन २ वरचा गेम २०१८ मध्ये एचडी संग्रहात पीसीवरही आला. ग्रिफन म्हणजे अवाढव्य राक्षसी पक्षी, मुंडस नावाच्या राक्षसराजाचा सेनापती, आणि विजेचे लोळ सोडणारा. त्याच्याशी तीनदा गाठ पडते. त्यातली एक भुताळी जहाजाच्या डेकवर, आणि शेवटची एका प्राचीन रंगमंडळासारख्या आखाड्यात.

इथे बनवणाऱ्यांनी हीरोला उत्तर अगदी सढळ हाताने दिलंय. दांतेच्या हातात तलवार आहेच, पण दोन पिस्तुलंही आहेत आणि त्यांच्या गोळ्या संपत नाहीत. ‘अलास्टर’ तलवार मिळाली की तिच्या जोरावर तो राक्षसरूप घेतो, आणि ते कौशल्य विकत घेतलं असेल तर स्वतः उडून वरून वीज सोडतो. अर्थात तेही मीटर लावूनच. त्यामुळे ग्रिफन वर गेला तरी लढाई चालू राहते, फक्त तिचा प्रकार बदलतो. तलवारीची लढाई पिस्तुलाची होते. बस स्टॉपवर उभं राहावं लागत नाही.

आणि ग्रिफनची गोष्टसुद्धा वजनदार आहे. तिसऱ्यांदा हरल्यावर तो आपल्या मालकाकडे आणखी ताकद मागतो, आणि मालक त्यालाच ठार करतो. इतक्या वेळा ज्याने आपल्याला भाजून काढलं त्याचं त्या क्षणी वाईट वाटतं. त्याच नावाचा आणि तसाच पक्षी २०१९ च्या ‘डेव्हिल मे क्राय ५’मध्ये व्ही नावाच्या हीरोच्या बाजूने लढतो, आणि त्याचे पाय धरून व्हीला हवेतून तरंगत जाता येतं. फायरब्रँडसारखीच ही दुसरी बढती.

आता थोडं इंजिनिअरिंग, नाहीतर अंकात हा लेख छापायचा कशाला! टीओसीच्या तासाला आपण गोल काढून त्यांत स्टेटची नावं लिहितो आणि गोलांमध्ये बाण काढतो, आठवतंय? बहुतेक बॉसचा मेंदू म्हणजे थोड्याफार फरकाने तेच चित्र. ‘घिरट्या’, ‘झडप’, ‘वरून मारा’, ‘जमिनीवर’, ‘दमला’, ‘पुन्हा उड्डाण’ असे पाच-सहा गोल. माझ्या मते या अख्ख्या चित्रात महत्त्वाचा बाण एकच. ‘हवेत’कडून ‘जमिनीवर’कडे येणारा. तो बाण कशाने पेटतो, हा प्रश्न विचारायचा.

तो नुसत्या टायमरने पेटत असेल, म्हणजे वीस सेकंद झाली की साहेब आपोआप खाली येणार असतील, तर खेळणारा त्या चित्रात कुठेच नाही. तो प्रेक्षक. पण तो बाण आपल्या कृतीने पेटत असेल, उदाहरणार्थ झडप नेमक्या वेळी चुकवली म्हणून राक्षस जमिनीवर आपटला, पंखावर नेम बसला म्हणून कोसळला, खांबाआड लपलो म्हणून त्याला जवळ यावं लागलं, तर ती लढाई आपली. दोन्ही बॉस दिसायला सारखे असतील, हेल्थ बार तेवढाच असेल, खाली यायला वीस सेकंदच लागत असतील. तरी पहिला कंटाळा आणतो आणि दुसरा रात्री झोपू देत नाही.

खरं तर ही अक्कल कॉम्प्युटरच्या फार आधीची आहे. रामायणातला इंद्रजित आठवा. ढगाआडून, अदृश्य राहून बाण मारणारा. राम-लक्ष्मणांनाही त्याने नागपाशात जखडलं. तो संपला कसा? बिभीषणाने सांगितलं की निकुंभिलेचा यज्ञ पूर्ण व्हायच्या आत त्याला गाठा. यज्ञ मोडला, समोरासमोर येणं भाग पडलं, मग लक्ष्मणाने त्याला मारलं. म्हणजे खाली आणायचा बाण हीरोच्या कृतीने पेटला! महाभारतात रात्रीच्या युद्धात घटोत्कच आकाशातून कौरवसेनेला सळो की पळो करून सोडतो. कर्णाकडे इंद्राने दिलेली शक्ती होती, पण ती एकदाच वापरता येणारी आणि अर्जुनासाठी राखून ठेवलेली. ती त्याला घटोत्कचावर टाकावी लागली. उत्तर होतं, पण त्याची किंमत जबरदस्त होती. शेवटच्या बॉससाठी जपून ठेवलेली वस्तू मधल्याच लढाईत खर्च झाल्यावर कसं वाटतं, हे कुठल्याही गेमरला समजावून सांगावं लागणार नाही.

आता येतो ज्यावर खरा वाद होतो त्या गेमकडे, ‘डेमन्स सोल्स’. फ्रॉमसॉफ्टवेअरचा, हिदेताका मियाझाकी यांनी दिग्दर्शित केलेला हा गेम २००९ साली प्लेस्टेशन ३ वर आला आणि २०२० मध्ये ब्लूपॉइंटने तो प्लेस्टेशन ५ साठी नव्याने बांधला. दिसणं पार पालटलं, पण लढायांची रचना जवळजवळ तशीच ठेवली. या गेममध्ये सगळेच बॉस ‘डेमन’ म्हणवले जातात, आणि त्यातले दोन उडणारे माझ्या मुद्द्यासाठी जणू ऑर्डर देऊन बनवल्यासारखे आहेत.

पहिला मॅनईटर. लॅट्रियाच्या मनोऱ्यातल्या तुरुंगाची भयाण वाट तुडवत आपण उंचावरच्या एका अरुंद पुलासारख्या जागेवर पोचतो. मध्ये एक मोठी धुनी, दोन्ही बाजूंना खोल अंधार. सिंहासारखं धड, वटवाघळासारखे पंख आणि शेपटीच्या जागी साप असा हा प्राणी तिथे येतो. अंगावर धावून येतो, उडून अंधारात जातो, पुन्हा झेप घेतो. आणि आता जमतंय असं वाटायला लागलं, की दुसरा मॅनईटर येतो! पडलो की मेलो. मेलो की पुन्हा लांबची वाट तुडवत यायचं. आणि आधी सांडलेले सोल्स उचलायच्या आत पुन्हा मेलो, तर ते कायमचे गेले.

आमच्या वादात पहिली पार्टी मॅनईटरला डोक्यावर घेते आणि दुसरी त्याला शिव्या घालते. मला वाटतं त्याचे दोन भाग करून मार्क द्यायला हवेत. जागेची निवड उत्तम. उडणाऱ्या शत्रूचं खरं हत्यार त्याचे पंख नाहीत, आपल्या पायाखाली जमीन कमी आहे हे आहे. ते इथे पुरेपूर वापरलंय. मधली धुनी आडोसा म्हणून वापरता येते. पहिला आधी एकटा येतो, म्हणजे त्याच्या सवयी शिकायला वेळ मिळतो. मारायचं असेल तर त्याला पुलावर यावंच लागतं. इथपर्यंत पूर्ण मार्क.

मार्क कापायचे ते कॅमेऱ्याचे. लॉक-ऑन केलं की कॅमेरा शत्रूकडे तोंड करून राहतो. शत्रू वर गेला की कॅमेराही वर बघायला लागतो, आणि मग स्वतःचे पाय आणि पुलाची कड नीट दिसत नाही. लॉक-ऑन सोडलं तर शत्रू कुठून येतोय ते कळत नाही. म्हणजे आपण राक्षसाशी कमी आणि कॅमेऱ्याशी जास्त लढतो. राक्षसाने ढकलून पाडलं तर वाईट वाटत नाही, उलट पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं. कड दिसलीच नाही म्हणून पडलो तर त्यातून शिकायचं काय? ज्या मरणातून काहीच शिकता येत नाही, ते माझ्या लेखी अन्यायाचं मरण. तिथे “प्रॅक्टिस कर” हा सल्ला चालत नाही.

दुसरा आहे स्टॉर्म किंग. वादळाच्या देवस्थानाच्या शेवटी, समुद्रकिनाऱ्यावर, करड्या आकाशात पोहणारा अजस्र पाकटासारखा प्राणी. त्याच्याभोवती त्याचीच लहान पिल्लं वाटावीत असे आणखी कितीतरी. वरून टोकदार भाल्यांचा वर्षाव. तो खाली येऊन आपल्याशी दोन हात करेल अशी आशाच नाही. माझ्या नियमाप्रमाणे हा सगळ्यात फालतू बॉस ठरायला हवा, नाही का?

पण त्या किनाऱ्यावर जमिनीत रुतलेली एक तलवार आहे, ‘स्टॉर्म रूलर’. ती उचलून आकाशाकडे वार केला की वाऱ्याची एक लांबच लांब पात उठते आणि ढग कापत थेट त्या राक्षसापर्यंत जाते. तिची ही ताकद फक्त त्या जागी चालते. सगळ्या गेमभर दोन मीटर पोचणारी तलवार इथे आभाळाला पोचते! राक्षसाला खाली आणण्याऐवजी बनवणाऱ्यांनी आपल्यालाच वर नेलं. लढाई म्हणून ही मॅनईटरच्या निम्म्यानेही अवघड नाही. आडोशाला भिंत आहे, वार लांबून करायचेत. तरीही ‘डेमन्स सोल्स’ खेळलेल्या कोणालाही विचारा, डोळ्यांसमोर कायम राहिलेल्या दृश्यांत हे असतंच. जे अवघड तेच भारी, हे पहिल्या पार्टीचं गणित इथे साफ चुकतं.

पहिल्या पार्टीचा एक मुद्दा मात्र उत्तर देण्यासारखा आहे. ते म्हणतात, “आयुष्यात कुठे सगळं न्यायाने होतं? मग गेमकडून कशाला अपेक्षा?” वाक्य भारदस्त आहे, कट्ट्यावर टाळ्याही पडतात. पण मला पटत नाही. सबमिशनच्या दिवशी पाऊस पडून जर्नल भिजलं, तर पावसाला बोल लावता येत नाही, कारण पाऊस कोणी लिहिलेला नाही. गेममधला प्रत्येक नियम मात्र कोणीतरी टाइप केलेला असतो. राक्षस किती उंच जाणार, किती वेळ राहणार, कॅमेरा कुठे बघणार, मेल्यावर किती लांबून यावं लागणार, हे सगळे कुणीतरी बसून ठरवलेले आकडे आहेत. जिथे माणसाने नियम लिहिलाय, तिथे “जग असंच असतं” हे उत्तर नसून पळवाट असते.

व्हायवाचं उदाहरण घ्या. एक्स्टर्नल म्हणजे आपल्या दृष्टीने उडणारा बॉसच. प्रश्न तो विचारणार, वेळ तो ठरवणार, मार्क त्याच्या हातात. पण काही एक्स्टर्नल आपल्या प्रोजेक्टमध्ये शिरतात, आपण लिहिलेल्याच कोडवर घाम फोडणारे प्रश्न विचारतात. बाहेर आल्यावर आपण म्हणतो, “बाप माणूस होता यार!” आणि काही ढगातच राहतात. प्रोजेक्टची फाइल न उघडता भलत्याच विषयाचे चार प्रश्न फेकतात आणि मान हलवतात. दोघांकडेही मार्क कमीच मिळू शकतात. पण पहिल्याकडून आपण काहीतरी घेऊन येतो, दुसऱ्याकडून फक्त मनस्ताप.

दुसऱ्या पार्टीलाही दोन शब्द. “उडतो म्हणजे चीटिंग” हे म्हणणंही आळसाचं आहे. कितीतरी वेळा उत्तर दिलेलं असतं आणि आपण ते वापरत नाही. धनुष्य बॅगेत पडून असतं, बाण विकत घ्यायला जिवावर येतं, कारण आपल्याला तलवारच आवडते. त्याला अन्याय म्हणत नाहीत, हट्ट म्हणतात. तक्रार करायच्या आधी बॅग उघडून बघावी.

आता हे सगळं आपल्या अंकात कशासाठी? कारण आपल्यातलेच कितीतरी जण गेम बनवतायत. बीईच्या प्रोजेक्टसाठी, टेक फेस्टसाठी, सुट्टीत हौस म्हणून. आणि हे स्वप्नरंजन राहिलेलं नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सने २०२० मध्ये ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ बाहेर काढला. भावाला पळवून नेणाऱ्या असुरांशी लढणारी मुलगी, हातात त्रिशूळ आणि धनुष्य, गोष्ट सांगायला दुर्गा आणि विष्णू. तो निन्टेन्डो स्विचसकट मोठ्या कन्सोलवर जगभर विकला गेला. राक्षसांची आपल्याकडे काय कमतरता आहे!

पण विद्यार्थ्यांच्या डेमोमध्ये मी एक गोष्ट वारंवार बघतोय. शेवटचा बॉस भव्य दिसावा म्हणून त्याला पंख लावले जातात आणि काम संपतं. युनिटीतला नॅव्हमेश पृष्ठभागावर चालणाऱ्यांसाठी असतो. उडणाऱ्याला वाट शोधून द्यायची तर वेगळा कोड लिहावा लागतो. तो लिहायचा कंटाळा, म्हणून राक्षस सरळ रेषेत खेळणाऱ्याकडे सरकतो, वाटेतल्या भिंतीतून आरपार! त्याची सावली जमिनीवर पडत नाही, त्यामुळे सपाट स्क्रीनवर तो जवळ आहे की लांब ते कळत नाही. आणि परीक्षकांना विचारलं तर “सर, लेव्हल डिफिकल्ट ठेवली आहे.” नाही मित्रांनो, ती डिफिकल्ट नाही, अर्धवट आहे.

म्हणून माझी सूचना साधी आहे. राक्षसाला पंख लावण्याआधी वहीच्या मागच्या पानावर चार प्रश्नांची उत्तरं लिहा. एक, तो वर असताना खेळणाऱ्याने करायचं काय? दोन, त्याला खाली आणणारा बाण कोणाच्या हातात आहे? तीन, त्या वेळी कॅमेरा कुठे बघतोय, आणि खेळणाऱ्याला स्वतःचे पाय दिसतायत का? चार, खेळणारा मेला तर का मेला हे त्याला कळेल का? चारही उत्तरं लिहून झाली की मग हेल्थ बार हवा तेवढा लांब करा. आम्ही पन्नास वेळा मरू, शिव्या घालू आणि एक्कावन्नाव्या वेळी परत येऊ.

उत्तरं लिहिता आली नाहीत, तर पंख काढून टाका. पायी चालणारे राक्षसही चांगले असतात.

– तृतीय वर्ष, संगणक अभियांत्रिकी